मोसमी प्रवाहांच्या खिंडीत

पाठीवर दाबाखालच्या हवेचे नळकांडे घेऊन पाण्याखाली श्वास घेत फिरणे, म्हणजेच स्कूबा डायव्हिंग, ही गोष्ट मालवण-तारकर्लीमुळे आता मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाची झाली आहे. तेथे पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकासाठी समुद्र शक्यतो स्वस्थ असावा, उतरण्याची व वर येण्याची जागा एकच असावी आणि पाण्याला ओढ असलीच तर ती जाणवू नये, अशी सारी खटपट केली जाते. ड्रिफ्ट डायव्हिंग या प्रकारात मात्र पाण्याची ओढ हेच वाहन असते. डायव्हर एका ठिकाणी उतरतो, प्रवाह त्याला प्रवाळभित्तीच्या कडेने वाहून नेतो, आणि पाऊण-एक तासाने तो शेकडो मीटर, कधी एक-दोन किलोमीटर दूर वर येतो, जेथे होडी त्याच्या मागावर आलेली असते. मेक्सिकोतील कोझुमेल, पश्चिम प्रशांत महासागरातील पलाऊ आणि फ्रेंच पॉलिनेशियातील कंकणद्वीपे या प्रकारासाठी विख्यात आहेत. तरीही तो मुळापासून समजून घ्यायचा असेल तर मालदीवसारखे दुसरे उदाहरण नाही, कारण तेथे भित्तीचा आकार, प्रवाहाचे कारण आणि त्या प्रवाहावर पोसणारे जीवन ही तिन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की त्यांतील एकाचे स्पष्टीकरण उरलेल्या दोहोंशिवाय पुरे होत नाही.

मालदीवचा पाया ज्या ज्वालामुखीय घडामोडींनी घातला, त्यांचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे, आणि तो शाळकरी वयातच प्रत्येकाला कळायला हवा इतका विलक्षण आहे. हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आज एक ‘तप्तबिंदू’ आहे, म्हणजे पृथ्वीच्या अंतर्भागातून तप्त द्रव्य दीर्घकाळ वर येत राहण्याचे एक स्थान आहे. भारतीय भूपट्ट या स्थानावरून उत्तरेकडे सरकत असताना, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पुढे भूपट्ट सरकत गेला तसतशी त्याच तप्तबिंदूने समुद्रतळावर ज्वालामुखींची एक लांब रांग उभी केली, आणि लक्षद्वीप, मालदीव व चागोस हे द्वीपसमूह त्या रांगेच्या माथ्यावर वसलेले आहेत. मालदीवखालचा ज्वालामुखीय खडक सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, म्हणजे सह्याद्रीच्या कातळाचा धाकटा भाऊबंदच आहे. हे ज्वालामुखी थंड होऊन हळूहळू खचत असताना त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिले. प्रवाळ हा काही मिलिमीटर आकाराच्या असंख्य प्राण्यांचा समूह असतो. हे प्राणी आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा रचतात, आणि त्यांच्या शरीरपेशींत राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यांना पुरवतात. प्रकाशावाचून या भागीदारीचे भागत नसल्यामुळे पाया खाली गेला की प्रवाळांची बांधणी वर सरकते, आणि अशा रीतीने मालदीवमध्ये चुनखडकाचा जो थर साचला त्याची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरहून अधिक आहे.

खचणाऱ्या ज्वालामुखीच्या कडेने वर वाढणारी भित्ती शेवटी कड्याच्या आकाराची उरते, मध्ये खाजणाचे शांत पाणी राहते आणि कंकणद्वीप तयार होते, हा सिद्धान्त चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवाळभित्तींवरील ग्रंथात मांडला. डार्विनने मालदीव स्वतः कधी पाहिले नव्हते. त्याने त्या द्वीपसमूहाविषयी जे विवेचन केले त्याचा आधार होता रॉबर्ट मोर्सबी या अधिकाऱ्याने १८३४ ते १८३६ या काळात केलेले सर्वेक्षण, आणि मोर्सबी हा मुंबईत ठाणे असलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातला होता. त्या सर्वेक्षणाच्या नकाशांत एक गोष्ट ठळकपणे दिसते, ती अशी की मालदीवची कंकणे अखंड नाहीत. त्यांच्या कडेची भित्ती जागोजागी तुटलेली असून त्या तुटींतून महासागराचे पाणी खाजणात आणि खाजणाचे पाणी महासागरात जाते-येते. या तुटींना मालदीवच्या धिवेही भाषेत ‘कांडू’ म्हणतात. त्या म्हणजे प्रवाळभित्तीतल्या पाण्याखालच्या खिंडीच होत. काही खिंडी पन्नास-शंभर मीटर रुंद आहेत, तर काही किलोमीटरभर. त्यांचा तळ बहुधा २५ ते ४० मीटर खोलीवर असतो, आतल्या बाजूस खाजण सर्वसाधारणपणे ४० ते ६० मीटर खोल असते, आणि बाहेरच्या बाजूस तळ एकदम संपून कडा शेकडो मीटर खाली उतरतो. जेथे खिंडीचा तळ संपतो आणि कडा सुरू होतो ती धार, म्हणजे खिंडीचा उंबरा, हे मालदीवमधील ड्रिफ्ट डायव्हिंगचे सर्वांत महत्त्वाचे ठिकाण आहे.

मालदीवची कंकणे उत्तर-दक्षिण सुमारे ८७० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पसरली आहेत, आणि हिंदी महासागराच्या या भागातील पृष्ठभागाचे प्रवाह पूर्व-पश्चिम वाहतात. म्हणजे हा सारा द्वीपसमूह प्रवाहाला आडवा पडलेला आहे. हे प्रवाह वर्षातून दोनदा आपली दिशा बदलतात, आणि त्यांना बदलणारे वारे तेच आहेत ज्यांच्यावर महाराष्ट्राची शेती अवलंबून आहे. साधारणपणे मे ते नोव्हेंबर या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, तर डिसेंबर ते एप्रिल या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते. त्यामुळे हिवाळ्यात खुल्या समुद्राचे स्वच्छ निळे पाणी पूर्वेकडच्या खिंडींतून आत शिरते, कंकणाच्या आत ते प्लवकांनी, म्हणजे पाण्यासोबत वाहणाऱ्या सूक्ष्म वनस्पती व प्राण्यांनी, गढूळ होते आणि पश्चिमेकडून बाहेर पडते. पावसाळ्यात हाच क्रम उलटा होतो. मांटा रे नावाचे प्रचंड पंखांचे मासे प्लवकांवर जगतात, म्हणून तेही या हिशेबाने वर्षभरात बाजू बदलतात. बा कंकणद्वीपातील हनीफारू उपसागर त्यांच्या पावसाळ्यातल्या जमावासाठी प्रसिद्ध आहे तो याच कारणाने, आणि २०११ साली युनेस्कोने बा कंकणद्वीपाला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला त्यामागेही तेथील सागरी जीवनाची ही समृद्धी होती.

या प्रवाहांचे वय काढण्यासाठीही मालदीवच उपयोगी पडले. २०१५ मध्ये एका आंतरराष्ट्रीय मोहिमेने मालदीवच्या समुद्रतळात छिद्रे पाडून गाळाचे स्तंभ बाहेर काढले, तेव्हा जुन्या प्रवाळमंचांवर प्रवाहाने लोटून आणलेल्या गाळाचे थर अचानक सुरू झालेले आढळले. ही सुरुवात सुमारे १.२९ कोटी वर्षांपूर्वीची आहे, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार आजच्या धर्तीचे दक्षिण आशियाई मोसमी वारे तेव्हा वाहू लागले असावेत. खिंडीत वाहणारे पाणी इतका जुना वारसा घेऊन येत असते.

मोसमी प्रवाहावर भरती-ओहोटीची ओढ चढते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी चार-साडेचार मीटर वरखाली होते. मालदीवमध्ये हा फरक जेमतेम एक मीटर असतो, आणि तरीही खिंडीतला वेग माणसाला न पेलण्याइतका होऊ शकतो, कारण विस्तीर्ण खाजणात शिरणारे सारे पाणी मोजक्या तोंडांतून जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वेग वाढतो, अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तो उतरतो, हे कोकणच्या कोळ्याला वेगळे सांगावे लागत नाही. भरतीची ओढ आणि मोसमी प्रवाह एकाच दिशेने असले तर पाणी खिंडीतून मुसंडी मारते. परस्परविरुद्ध असले तर कधी तासभर सारे थबकते आणि मग अनपेक्षित दिशेने फिरते. केवळ भरती-ओहोटीचे कोष्टक वाचून मालदीवमध्ये डायव्ह ठरवता येत नाही ती यामुळेच.

खिंडीचा उंबरा इतका गजबजलेला का असतो, याचे उत्तरही प्रवाहातच आहे. प्रवाळभित्ती ज्या उष्णकटिबंधीय पाण्यात वाढतात ते पोषकद्रव्यांनी गरीब असते, म्हणूनच ते इतके पारदर्शक दिसते. अशा पाण्यात एका जागी रुतून बसलेल्या प्राण्याला पोट भरायचे असेल तर त्याच्या तोंडासमोरून दिवसभरात पुष्कळ पाणी गेले पाहिजे. खिंडीतल्या कपारींच्या छतांवर मऊ प्रवाळांचे घोस लटकलेले असतात, पिवळे, नारिंगी, जांभळे. त्यांतील डेंड्रोनेफ्थिया या वंशाच्या प्रवाळांच्या शरीरात अन्न पुरवणारी शैवले नसतात. लाल समुद्रातील अशाच प्रवाळांवरचा जो अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला त्याने दाखवले की ते मुख्यतः पाण्यातून वाहत येणारे वनस्पतिप्लवक खातात. जवळून पाहिले असता त्यांच्या पारदर्शक देठाच्या आत चुन्याच्या बारीक सुयांची जाळी स्पष्ट दिसते आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला आठ-आठ स्पर्शकांची नाजूक तोंडे उघडलेली दिसतात. प्रवाह चालू असताना हे प्रवाळ शरीरात पाणी भरून घेऊन हातभर फुगतात, आणि प्रवाह थांबला की तेच घोस मनुक्यासारखे सुरकुतून कातळाला चिकटतात. त्यामुळे स्तब्ध पाण्यात या खिंडीत उतरलेल्या माणसाला ती निम्मीसुद्धा दिसली असे म्हणता येत नाही. समुद्रपंखे नावाचे जाळीदार प्रवाळ प्रवाहाला बरोबर आडवे वाढतात, म्हणून पाणी स्तब्ध असतानाही त्यांच्या मांडणीवरून त्या जागेचा नेहमीचा प्रवाह कोणत्या दिशांचा आहे हे वाचता येते. निळसर-काळ्या, लाल दातांच्या ट्रिगर माशांचे थवेच्या थवे उंबऱ्यावर पाण्यात उभे राहून वाहत येणारे प्लवक टिपत असतात, त्यांच्या वर फ्युझिलियर माशांचे पट्टे हलत असतात, आणि त्यांच्यावर नजर ठेवून ट्रेव्हली व ट्युना बाहेरच्या निळ्या पाण्यातून येरझाऱ्या घालतात.

या सर्वांत ज्यांच्यासाठी लोक दूरदेशाहून येतात ते करडे रीफ शार्क मात्र बहुधा काहीच करत नसल्यासारखे दिसतात. वावू कंकणद्वीपातील मियारू कांडूसारख्या खिंडीच्या तोंडाशी ते प्रवाहाकडे तोंड करून जवळजवळ एका जागी तरंगतात, आणि त्यांची शेपटी अगदी सावकाश हलते. शार्कला इतर बहुतेक माशांप्रमाणे हवेची पिशवी नसते, त्यामुळे पोहणे थांबवले की तो खाली जाऊ लागतो; अशा प्राण्याने इतक्या ओढीच्या जागी विसावा घ्यावा हे कोडे होते. फ्रेंच पॉलिनेशियातील फाकारावा या कंकणद्वीपाच्या दक्षिण खिंडीत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचा उलगडा केला. आत शिरणारा प्रवाह उतारावर आदळून वर उचलला जातो आणि शार्क त्या वर चढणाऱ्या पाण्यावर स्वतःला तोलून धरतात. यात त्यांची शक्ती सुमारे १० ते १५ टक्के वाचते. गिधाडे आणि घारी उन्हाने तापून वर जाणाऱ्या हवेवर फिरतात त्यामागचे तत्त्व हेच आहे.

हा उचलणारा प्रवाह आत जाणाऱ्या पाण्यातच मिळत असल्याने मालदीवमधील डायव्हही शक्यतो पाणी आत शिरत असताना केली जाते. तिला दुसरीही दोन कारणे आहेत: आत येणारे पाणी स्वच्छ असते, आणि पकड सुटली तरी डायव्हर खाजणाच्या आडोशाला जातो, खुल्या महासागरात नाही. डायव्ह सुरू होण्यापूर्वी गाइड स्वतः पाण्यात उडी मारून काही क्षण खाली पाहतो, प्रवाहाची दिशा व जोर अजमावतो आणि होडीवर परत येऊन उतरण्याची जागा पक्की करतो. ती खिंडीच्या तोंडापासून प्रवाहाच्या वरच्या बाजूला इतकी दूर असावी लागते की खाली पोहोचेपर्यंत गट वाहत वाहत नेमका उंबऱ्यावर यावा. मग सर्वजण एकदमच उडी टाकतात. एरवी डायव्हर आपल्या जाकिटात, ज्याला बीसीडी म्हणतात आणि ज्यात हवा भरून किंवा सोडून तरंगण्याची पातळी राखली जाते, थोडी हवा ठेवून आधी पृष्ठभागावर थांबतो; येथे ते आधीच रिकामे केलेले असते आणि उडीबरोबरच खाली जायचे असते, कारण पृष्ठभागावर अर्धा मिनिट रेंगाळलेला माणूस गटापासून पन्नास मीटर दूर पडू शकतो. कान मोकळे करण्यात ज्याला वेळ लागतो त्याने ही गोष्ट गाइडला होडीवरच सांगणे आवश्यक असते.

प्रवाहाविरुद्ध पोहण्याचा मोह किती व्यर्थ आहे हे गणिताने स्पष्ट होते. पाण्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की अवरोध चौपट होतो, आणि त्यासाठी खर्चावी लागणारी शक्ती आठपट. समुद्रावर वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, जमिनीवर रमतगमत चालण्याहूनही कमी. सर्व उपकरणांसह पोहणाऱ्या माणसाला एवढ्या प्रवाहाविरुद्धसुद्धा फार वेळ तग धरता येत नाही, आणि खिंडीत दोन किंवा अधिक नॉटचा प्रवाह ही नित्याची बाब आहे. शिवाय ३० मीटर खोलीवर भोवतालचा दाब पृष्ठभागाच्या चौपट असल्याने प्रत्येक श्वासाला चौपट हवा खर्च होते. तेथे धडपड करणाऱ्याचे नळकांडे पाहता पाहता रिकामे होते. अनुभवी डायव्हर म्हणूनच भित्तीला लागून, खडकांच्या आडोशाने पुढे सरकतो, जेथे घर्षणामुळे पाण्याचा वेग कमी असतो. पाणी बाहेर पडत असेल तर उंबऱ्यावरून ते कड्याखाली कोसळते आणि डायव्हरलाही खाली ओढू शकते. सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे वर जाण्याऐवजी आडवे किंवा खाली जाऊ लागले की हा धोका ओळखावा, आणि त्या प्रवाहाशी झुंजत सरळ वर जाण्यापेक्षा आडवे पोहून त्याच्या पट्ट्यातून बाहेर पडावे, असे प्रशिक्षणात शिकवले जाते. मालदीवच्या नियमांनुसार पर्यटक डायव्हरला ३० मीटरपेक्षा खोल जाण्यास मनाई आहे. उंबरा नेमका त्याच खोलीच्या आसपास असल्याने हा नियम मोडण्याचे निमित्त तेथे प्रत्येक क्षणी समोर असते, आणि म्हणून तो काटेकोरपणे पाळला जाणे अगत्याचे आहे.

उंबऱ्यावर थांबण्यासाठी ‘रीफ हूक’ वापरतात. दीड-दोन मीटर दोरीच्या एका टोकाचा बोथट आकडा मृत खडकाच्या फटीत अडकवायचा, दुसरे टोक जाकिटाच्या कडीला लावायचे, जाकिटात किंचित हवा भरायची आणि दोन्ही हात मोकळे ठेवून प्रवाहात तरंगत राहायचे. पलाऊमध्ये लोकप्रिय झालेल्या या साधनाविषयी मतभेद आहेत, पण आकडा मृत खडकात लावणारा माणूस हातांनी जिवंत प्रवाळ धरून लटकणाऱ्या दहा जणांपेक्षा भित्तीला कितीतरी कमी इजा करतो, हे मान्य करावेच लागते. खरी अडचण आहे ती आकडा लावण्याआधी जिवंत आणि मृत यांतला फरक ओळखण्याची, आणि तो फरक वेगाने वाहत असताना दोन-तीन सेकंदांत ओळखता येईल इतका सराव नसलेल्यांच्या हाती आकडा देण्याची घाई जागोजागी केली जाते. हवा किंवा वेळ संपत आली की गाइडच्या खुणेसरशी सर्वजण आकडे सोडतात आणि खिंडीतून आत वाहू लागतात. हा या डायव्हचा सर्वांत सुखाचा भाग असतो: पाय हलवण्याची गरज नसते, श्वास संथ होतो, आणि दोन्ही बाजूंची भित्ती आपोआप मागे सरकत जाते. पाच मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबून शरीरात विरघळलेला जादा नायट्रोजन बाहेर पडू द्यायचा असतो; हे थांबणेही वाहतच होते, म्हणून खालून दोरीने सोडलेला लांबट, भडक रंगाचा फुगा, म्हणजे एसएमबी, पृष्ठभागावर उभा करतात. धोणी नावाच्या स्थानिक होडीवरचा नाविक तो फुगा शोधत असतो. लाटांमध्ये माणसाचे डोके शंभर-दोनशे मीटरवरूनही दिसेनासे होते, त्यामुळे फुगा गटातल्या प्रत्येकाजवळ असला पाहिजे. तो एकट्या गाइडजवळ असणे पुरेसे नाही, कारण दुरावतो तो गाइड नव्हे.

मालदीवने या खिंडींचे मोल बऱ्याच आधी ओळखले. दक्षिण माले कंकणद्वीपातील एंबुधू व गुराइधू येथील खिंडी १९९५ साली संरक्षित झालेल्या जागांत होत्या, आणि २०१० मध्ये देशाने आपल्या संपूर्ण सागरी हद्दीत शार्कची मासेमारी बंद केली. ज्या देशाची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर चालली त्याने हा निर्णय घेतला ही लहान गोष्ट नव्हे. परंतु समुद्राचे तापमान हद्दी मानत नाही. १९९८ साली पाणी तापल्याने प्रवाळांनी आपल्या पेशींतली शैवले बाहेर टाकली, ते पांढरे पडले, आणि मालदीवच्या मध्य भागातील उथळ भित्तींवरचे सुमारे ९० टक्के प्रवाळ मेले. २०१६ साली पुन्हा सुमारे ६० टक्के प्रवाळ पांढरे पडले, आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथे जागतिक विरंजन जाहीर झाले. जपानमधील ओकिनावा येथे केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वाहत्या पाण्यात ठेवलेले प्रवाळ स्तब्ध पाण्यातल्यांपेक्षा तापमानाचा ताण अधिक सोसतात असे दिसून आले होते. खिंडींमधल्या प्रवाळांना प्रवाहाचा असा काही आधार मिळत असेल तर भित्ती पुन्हा सावरताना त्यांच्या अळ्या आजूबाजूला पसरवण्याचे कामही हाच प्रवाह करील; त्यामुळे बेटे भराव घालून वाढवताना आणि बंदरांसाठी भित्ती फोडताना खिंडीतून येणाऱ्या पाण्याची वाट बदलणार नाही, हे पाहणे फार निकडीचे आहे.

भारतातून मालदीवला जाणाऱ्यांची संख्या मोठी असून त्यांत मराठी पर्यटकही पुष्कळ असतात. मालवणला प्रशिक्षकाने धरून ठेवलेल्या अवस्थेत पाण्याखाली काढलेला अर्धा तास ही उत्तम ओळख असली तरी ती पात्रता नव्हे. पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंत आणि त्यापुढचे ३० मीटरपर्यंत उतरण्याची मुभा देते, आणि खिंडीत उतरण्याआधी ही दोन्ही प्रमाणपत्रे व त्यांच्यामागे संथ प्रवाहातल्या पुरेशा डायव्ह असणे गरजेचे आहे. मालदीवमध्येही प्रत्येक डायव्ह खिंडीतच असते असे नाही. खाजणाच्या आतील लहान भित्तींच्या आडोशाला सौम्य ओढीत वाहण्याचा सराव करता येतो, आणि तेथेच फुगा पाण्याखालून स्वतः सोडून पाहावा, दोरी हातात न गुंतता सुटते का, फुगा पृष्ठभागावर ताठ उभा राहतो का, आणि हे सारे करताना आपण पाच मीटरवर स्थिर राहतो की नकळत वर जातो, हे तपासून घ्यावे.